ऐंशी मिलिमीटरचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात पाऊस कमी पडतो म्हणून पाण्याचे हाल होतात, ही समजूत बाहेरच्या लोकांची आहे. इथल्या आकाशाला दोष द्यावा असे फारसे काही नाही. वर्षाला साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस, पूर्वेकडे वणी-झरीच्या बाजूला थोडा जास्तच. सोलापूरच्या शेतकऱ्याने हेवा करावा एवढा. तरीही २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणाऱ्या निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला आणि शहर टँकरमागे धावत होते. पाच वर्षांनी, २२ जुलै २०२३ ला, याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात आनंदनगरला पुराने वेढले आणि अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. पाणी ओसरल्यावर तलाठ्याच्या पंचनाम्यात नेहमीचा रकाना भरला जातो: खरडून गेलेली जमीन, इतके हेक्टर, इतके आर. खरडून कुठे गेली, हा रकाना पंचनाम्यात नसतो.

पुढची प्रकरणे त्या न छापलेल्या रकान्याविषयी आहेत. पडलेल्या पावसातले किती पाणी मुरले, किती उडून गेले, किती वाहिले आणि वाहताना किती माती घेऊन गेले, याचा हिशेब मांडण्याची जी साधने आहेत त्यांना जलवैज्ञानिक मॉडेल म्हणतात. या शब्दाने अनेकांच्या डोळ्यांसमोर संगणकाचा पडदा आणि रंगीत नकाशे येतात. पण मॉडेल संगणकाच्या फार आधीचे आहे, आणि विदर्भाला तर ते परकेही नाही.

नागपूरच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या अलेक्झांडर बिनी या इंग्रज अभियंत्याने १८६९ ते १८७२ या काळात नागपूरजवळच्या जेमतेम १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पाऊस आणि त्यातून वाहून येणारे पाणी मोजले. पुढे हाच माणूस लंडनमध्ये थेम्स नदीखालच्या ब्लॅकवॉल बोगद्याचा अभियंता म्हणून गाजला, पण आपल्याला काम आहे ते त्याच्या नागपूरच्या वहीशी. त्या मोजणीतून त्याने एक साधा तक्ता काढला. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर त्यातले १५ टक्के पाणी वाहून येते. ७०० असेल तर २५ टक्के. १,००० असेल तर ३८ टक्के. विदर्भातल्या तलावांचे अंदाज या टक्केवारीवर पुढे कित्येक दशके बांधले गेले.

तक्ता छोटा असला तरी त्यात एक मोठी गोष्ट आहे. ५०० मिलिमीटरचे १५ टक्के म्हणजे ७५ मिलिमीटर, आणि १,००० चे ३८ टक्के म्हणजे ३८०. पाऊस दुप्पट झाला तर वाहणारे पाणी पाचपट झाले. उलटही तितकेच खरे: पाऊस निम्म्यावर आला की धरणात येणारे पाणी पाचव्या हिश्शावर येते. ‘सरासरीच्या ७५ टक्के पाऊस झाला, मग धरण ७५ टक्के का भरले नाही?’ असा प्रश्न दर ऑक्टोबरला विचारला जातो. त्याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी नागपुरात मोजून ठेवलेले आहे.

बिनीचा तक्ता वर्षाच्या पावसावर बोलतो. कास्तकाराचे नशीब मात्र एकेका दिवसाच्या पावसाने ठरते. एका दिवसाच्या पावसातून किती अपधाव होईल, म्हणजे किती पाणी वाहून जाईल, हे काढण्यासाठी अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात एक रीत बसवली. ती जगभर ‘कर्व्ह नंबर’ या नावाने चालते. जमिनीचा प्रकार, तिच्यावरचे पीक आणि मशागतीची तऱ्हा पाहून तिला शंभरपैकी एक आकडा द्यायचा. आकडा जितका मोठा तितके पाणी जास्त वाहणार. आपली भारी काळी जमीन या पद्धतीत सगळ्यात कमी पाणी मुरवणाऱ्या, म्हणजे ‘ड’ गटात बसते, कारण तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि पाण्याच्या वाटा बुजवते.

पण हीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. पहिला पाऊस या भेगा गिळून टाकतात, आणि अमेरिकेच्या मूळ सूत्रात या भेगांना जागा नव्हती. कृषी मंत्रालयाच्या १९७२ च्या जलविज्ञान हस्तपुस्तिकेने सूत्र इथल्या मातीसाठी बदलून घेतले. पाऊस पडायला लागल्यापासून पाणी वाहायला लागेपर्यंत जमीन जे पाणी अडवून धरते, ते मूळ सूत्रात जमिनीच्या साठवणक्षमतेच्या दोन दशांश धरले होते. आपल्याकडे कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या जमिनीसाठी ते तीन दशांश आणि भेगा मिटलेल्या ओल्या काळ्या जमिनीसाठी फक्त एक दशांश धरावे असे ठरले. दिसायला किरकोळ बदल आहे. तो किती किरकोळ, ते एका वावरावर मांडून पाहू.

दिग्रस-दारव्ह्याकडचे खोल काळे वावर घ्या. पीक कपाशीचे, कर्व्ह नंबर ८५. एका दिवसात ८० मिलिमीटर पाऊस पडला. हेक्टरमागे ८ लाख लिटर. मृगाचा पहिला मोठा पाऊस असेल, आधीचे पाच दिवस कोरडे असतील, तर सूत्र सांगते की सुमारे १५ मिलिमीटर पाणी वावराबाहेर जाईल; बाकीचे जमिनीच्या पोटात. तोच पाऊस जुलैच्या मध्यावर, आधी पाच दिवसांत ४०-५० मिलिमीटर होऊन गेल्यावर पडला, तर सुमारे ४७ मिलिमीटर वाहील. आणि आठवड्याची झड लागलेली असताना, जमीन तुडुंब असताना पडला, तर ६२. वावर तेच, पाऊस तोच, कास्तकार तोच; हेक्टरी दीड लाख लिटर की सव्वासहा लाख, हे आधीच्या पाच दिवसांवर ठरले. ‘८० मिलिमीटरमध्ये एवढा पूर कसा आला?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या दिवसाच्या पावसात सापडत नाही, आधीच्या आठवड्यात सापडते. म्हणून रोजचा हिशेब ठेवणारे मॉडेल हवे, आणि रोजचा हिशेब हाताने होत नाही. संगणक इथे कामाला येतो.

आता माती. वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ या दोघांनी अमेरिकेतल्या प्रायोगिक शेतांवरच्या दहा हजारांहून अधिक प्लॉट-वर्षांच्या नोंदी एकत्र करून धुपेचे सार्वत्रिक समीकरण तयार केले; १९६५ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपाने आले आणि १९७८ मध्ये सुधारून पुन्हा छापले गेले. पावसाची मारकशक्ती, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी, उताराचा चढ, पिकाचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय अशा सहा गोष्टींचा गुणाकार केला की हेक्टरी किती टन माती जाते ते निघते. गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. सहापैकी एक घटक निम्मा झाला की अख्खे उत्तर निम्मे होते. पाऊस आपल्या हातात नाही, माती आणि चढही जवळजवळ नाहीत. राहिले तीन.

उतार कसा काम करतो ते आधी बघा. १ टक्का उताराचा घटक सुमारे ०.१२ येतो आणि ५ टक्के उताराचा ०.४६. खालच्या खोऱ्यातल्या सपाट वावराच्या मानाने टेकाडाच्या पायथ्याचे बरड वावर जवळजवळ चौपट माती देते, बाकी सगळे सारखे धरून. आणि बाकी सगळे सारखे नसतेच. बरडावर माती वीतभर, खाली मुरूम. वीतभरातली दोन बोटे गेली तर काय उरते? खोल काळ्या जमिनीतून तेवढीच माती गेली तर पुढच्या पिढीलाही कळणार नाही. हेक्टरी टनांचा आकडा हा फरक दाखवत नाही. म्हणून धुपेचा नकाशा मातीच्या खोलीच्या नकाशाशेजारी ठेवूनच वाचावा, असा आग्रह पुढे जागोजागी दिसेल. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने जमिनींचे जे नकाशे केले आहेत, त्यांचा या कामात सगळ्यात मोठा आधार आहे.

उताराची लांबी तोडणे म्हणजे धुरा घालणे. ५ टक्के उतारावर लांबी चौपटीने कमी केली की धूप निम्म्यावर येते. तासाची दिशा हा त्याहून स्वस्त उपाय. उताराला आडवी पेरणी-डवरणी केली तर ३ ते ८ टक्के उतारावर समीकरण आणखी निम्मी धूप कमी धरते, खर्च शून्य. मग लोक करत का नाहीत? अडाणीपणा हे उत्तर शिबिरांतून फार सहज दिले जाते, आणि ते चुकीचे आहे. भावाभावांत वाटणी झाली की वावराचे लांब पट्टे पडतात. पट्टा उताराच्या दिशेने असेल तर आडवे तास म्हणजे दर थोड्या अंतरावर बैल किंवा ट्रॅक्टर वळवणे. शिवाय भारी काळ्या जमिनीत आडव्या तासात पाणी तुंबते, जमीन चिबडते, कपाशी पिवळी पडते. माती वाचवायची तर पीक जाते, अशी ती अडचण आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनींसाठी सुचवलेल्या रुंद वरंबा-सरी पद्धतीत, ज्याला आता सगळे बीबीएफ म्हणतात, सऱ्यांना अगदी किंचित, अर्ध्या टक्क्याच्या आसपास ढाळ देतात, तो यासाठी: पाणी निघावे, पण पळू नये.

राहिले आच्छादन. कपाशी जूनमध्ये लावतात, तास रुंद सोडतात, आणि जुलैच्या मध्यापर्यंत दोन तासांमधली जमीन उघडीच असते. पावसाची सगळ्यात जोरदार सर आणि जमिनीची सगळ्यात उघडी अवस्था एकाच महिन्यात येते. सोयाबीन लवकर झाकते. तूर मध्ये असली तरी ती झाकायला लागेपर्यंत पोळा येतो. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात ही गोष्ट सांगून कपाशी कमी होणार नाही, बाजाराचे गणित वेगळे आहे. पण धूप मोजणाऱ्याने तरी जून-जुलै वेगळा मोजायला हवा. वर्षाची सरासरी घेतली की तो महिना बुडून जातो.

देशपातळीवर १९८३ मध्ये ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी काढलेला अंदाज अजूनही उद्धृत होतो: भारतात वर्षाला ५३३.४ कोटी टन माती सुटते, हेक्टरी सरासरी १६.३५ टन. हेक्टरी १३ टन म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा थर. वर्षाला सव्वा मिलिमीटर माती गेलेली वावरात उभे राहून कुणालाच दिसत नाही. डोळ्यांना ओघळ दिसतात, घळी दिसतात. थराने जाणारी माती फक्त हिशेबात सापडते.

पाणी आणि माती यांचे हे दोन हिशेब वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या फायलींत राहिले. ते एकत्र बांधण्याचे काम जिमी विल्यम्स यांनी १९७५ मध्ये केले. त्यांच्या सुधारित समीकरणात पावसाच्या मारकशक्तीऐवजी प्रत्यक्ष वाहिलेले पाणी आणि त्याचा उच्चतम प्रवाह येतो. पुढे टेक्सासमधल्या टेंपल इथे जेफ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या ‘स्वॅट’ या मॉडेलमध्ये हेच समीकरण आहे, आणि आज मोठ्या पाणलोटांच्या अभ्यासात सगळ्यात जास्त वापर त्याचाच दिसतो. वाचणाऱ्याने एक खूण मनात ठेवावी: यात पाण्याचे उत्तर चुकले तर मातीचे चुकतेच. अपधाव आणि त्याचा उच्चांक दोन्ही दुप्पट धरले गेले तर माती दुपटीहून थोडी जास्तच निघते. वर पाहिलेला एक दशांश-तीन दशांशाचा फरक न करता कुणी मॉडेल चालवले असेल, तर त्याच्या धुपेच्या नकाशाचे रंग कितीही देखणे असोत, ते बाजूला ठेवावेत.

दोन्ही हिशेब एकत्र मांडले की आणखी एक गोष्ट पुढे येते, आणि माझ्या मते या साधनांचा यवतमाळला खरा उपयोग तिथे आहे. पाणी जास्त कुठून वाहते आणि माती जास्त कुठून जाते, हे दोन नकाशे एकमेकांवर बसत नाहीत. पाणी खोऱ्यातल्या सपाट, भारी जमिनीतून भरपूर वाहते. माती चढावरच्या हलक्या, नांगरलेल्या तुकड्यांतून जाते. आपली बहुतेक कामे मात्र जिथे पाणी दिसते तिथे, म्हणजे नाल्यात होतात. नाला खोलीकरण, सिमेंट बंधारा, आणि मग अहवालात ‘इतके टीसीएम (हजार घनमीटर) साठवणक्षमता निर्माण झाली’. क्षमता म्हणजे पाणी नव्हे, हे एकवेळ सोडा. वरच्या बरडावरची माती सुटत राहिली तर ती क्षमता वर्षागणिक भरत जाते, आणि टीसीएमच्या रकान्यात वजाबाकी कुणी लिहीत नाही.

या जिल्ह्याने हे विसरावे, ही जरा जास्तच खटकणारी गोष्ट आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईकांच्या काळात १९७२ चा दुष्काळ आला आणि हजारो हात बांधबंदिस्तीच्या कामाला लागले. सुधाकरराव नाईकांच्या कारकिर्दीत, १९९२ मध्ये, जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. माथ्यापासून पायथ्याकडे हे सूत्र तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात शिकवले जाते. प्रत्यक्षात पोकलेन माथ्यावर चढत नाही, नाल्यात उतरते.

मॉडेलला काय दिसत नाही, तेही सांगायला हवे. उंचसखलपणाचे जे नकाशे फुकट मिळतात, त्यांतला २००० साली अमेरिकी अवकाशयानाने केलेला नकाशा ३० मीटरच्या चौकोनांचा आहे. मीटरभर रुंदीचा धुरा त्यात कुठून दिसणार? म्हणजे कास्तकाराने तीस वर्षांत केलेले सगळे काम मॉडेलच्या दृष्टीने झालेलेच नाही, जोवर कुणी शिवार फेरी करून ते हाताने भरत नाही. पावसाचे बरे आहे: ‘महावेध’ प्रकल्पामुळे महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रे आली. तरी एका मंडळात अनेक गावे, आणि आपल्याकडचा पाऊस रस्त्याच्या अलीकडे पडतो तर पलीकडे नाही.

सगळ्यात मोठी उणीव वाहत्या पाण्याच्या मोजणीची. जिल्ह्याचे पाणी दोन नद्यांना मिळते, उत्तरेची-पूर्वेची वर्धा आणि दक्षिणेची पैनगंगा. पूस, अरुणावती, अडाण, वाघाडी, खुनी या सगळ्या पैनगंगेच्या लेकी, बेंबळा वर्ध्याची. केंद्रीय जल आयोगाचे एक मापन केंद्र पैनगंगेवर ‘पी. जी. ब्रिज’ या नावाने आहे. आयोगाच्या दप्तरात पैनगंगा पुलाचे ते लघुरूप. तिथे मोजलेला प्रवाह म्हणजे बुलढाण्याच्या डोंगरापासून आलेल्या सगळ्या नद्यांची एकत्र बेरीज, तीही इसापूर, पूस, अरुणावतीच्या धरणांनी आपला वाटा काढून घेतल्यावरची. मॉडेलची घटकमूल्ये फिरवत फिरवत ती बेरीज जुळवता येते. पण बेरीज जुळली म्हणून तिच्यातला प्रत्येक आकडा बरोबर ठरत नाही. पूस खोऱ्यात जास्त आणि अडाण खोऱ्यात कमी धरूनही तीच बेरीज येईल. कुणी ‘आमचे मॉडेल ८० टक्के जुळले’ म्हणाले, तर कुठल्या ठिकाणी जुळले, हा पहिला प्रश्न विचारावा.

या अडचणींची जाण ठेवून केलेला एक प्रयत्न आपल्याकडेच झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ‘पोकरा’त, यवतमाळ होता. त्यासाठी आयआयटी मुंबईच्या गटाने गावपातळीवरचा पाण्याचा ताळेबंद काढणारे साधन तयार केले: रोजचा पाऊस, मातीचा पोत आणि खोली, पीक आणि उतार यांवरून रोजचा अपधाव, जमिनीतली ओल आणि पिकाची तूट. स्वॅटसारख्या मॉडेलांतली सूत्रे घेऊन ती ग्रामसभेत मांडता येतील एवढी सोपी केली. याच्या उणिवाही आहेत. गावाची शीव आणि पाणलोटाची शीव एक नसते, आणि बेसाल्टच्या थरांत पाणी आडवे कुठे सरकते हे सांगणे कुणालाच सोपे नाही. पण एखाद्या गावात संरक्षित पाण्याची तूट नक्की किती आणि कुठल्या आठवड्यात, हा प्रश्न आकड्यांत विचारला गेला, हेच मोठे काम.

धुपेच्या बाजूला असा पडताळा कुठून आणायचा? नाल्यानाल्यावर गाळाचे नमुने घेणे कुणाला परवडणार नाही. त्याची सोय मात्र गावोगाव आधीच आहे: जुने पाझर तलाव आणि गावतलाव. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत त्यांतला गाळ काढून वावरात टाकला जातो आणि देयकासाठी त्याचे घनमीटर लिहिले जातात. समजा ४०० हेक्टर पाणलोटाच्या एका तलावात २० वर्षांत ६०,००० घनमीटर गाळ साचला. घनमीटरला १.२ टन धरले तर ७२,००० टन. वर्षाला हेक्टरी ९ टन. सांडव्यावरून निघून गेलेला बारीक गाळ आणि वाटेतच बसलेली माती यांत धरलेली नाही, म्हणजे वावरातून सुटलेली माती याहून जास्तच. मॉडेल त्याच पाणलोटासाठी ३ म्हणत असेल तर ते खोटे बोलते आहे, आणि ४० म्हणत असेल तर उरलेली माती कुठे अडली ते त्याने दाखवून द्यावे.

यासाठी लागते ते इतकेच: तलाव बांधल्याचे वर्ष, जे दप्तरात असते, पाणलोटाचे क्षेत्र, जे नकाशावरून निघते, आणि गाळाची एकूण जाडी, जी एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या तळाशी पाच-सहा खड्डे घेऊन मूळ जमिनीपर्यंत मोजता येते. काढलेल्या गाळाचे घनमीटर पुरेसे नाहीत, कारण सगळा गाळ कधीच काढला जात नाही. हे मोजमाप जेसीबी उतरण्याच्या आधी व्हायला हवे. खड्डे कुठे घ्यावेत आणि नोंद कशी ठेवावी, याचा नमुना तक्ता शेवटच्या प्रकरणात दिला आहे.